गव्हात ठेवलेला आवाज

दि. ५ मार्च २००६, रविवार. शिरूर

आबा आज "पा" म्हणाले. पाणी हवं होतं. मला कळलं होतं, तरी विचारलं, "पा म्हंजी काय वो? पापड?" चांगल्या डोळ्याने असं बघितलं, की तरुणपणी तसं बघितलं असतं तर मी माहेरी निघून गेले असते. मग जोर लावून म्हणाले, "पा-नी." दिलं.

डॉक्टरांनी वही घालायला सांगितली. अंगावरून वारं गेल्यापासून तोंडातून कोणता शब्द आला, कोणत्या दिवशी, सगळं टिपून ठेवा म्हणाले. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. सुजाता अंगणवाडीत शिकवते, म्हणून माझ्या बोलण्याला इस्त्री करते. "हाय"चं "आहे" करते. करू दे. तोंडचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिही म्हटलं आहे.

आबांच्या एका शब्दाने पान भरत नाही. म्हणून बाकीचंही सांगते. सुजाताबद्दलचंसुद्धा. तिला लिहावं लागतं.

आज कालवण खारट होतं. लिही.

दि. ८ मार्च, बुधवार

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. मुलगा मिलिंद रांजणगावला कंपनीत आहे. कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक आमच्या घरात आला. मागच्या थंडीत मिलिंदने माईक आणला आणि आबांना त्याच्यापुढे बसवलं. झालं, थंडीभर माणूस बोलत होता. दौंडची रेल्वेची गँग, रुळांची कामं, कोणता साहेब कसा, कोणाची बायको कशी. चाळीस वर्षं मी म्हणत आले, अहो जरा गप बसा. शेवटी माझं तेवढं एकच ऐकलं.

आता डॉक्टर म्हणतात, त्यांचाच आवाज त्यांना ऐकवा आणि मागोमाग बोलायला लावा. दुसऱ्याच्या आवाजाने काही होत नाही. सुजाताने बोलून पाहिलं, मिलिंदने पाहिलं. भिंतीकडे तोंड करतात. स्वतःचा आवाज लागला की ओठ हलतात. हा माणूस पहिल्यापासून स्वतःचंच ऐकणारा.

तुटलेल्या रुळाची गोष्ट फार आवडते. धुकं पडलंय, आबा कंदील घेऊन काष्टीच्या बाजूला रूळ तपासत चाललेत, रुळाला चीर दिसते, समोरून गाडी येतेय. रुळावर चाकाखाली फुटणारे धोक्याचे फटाके ठेवून आबा लाल दिवा हलवत पळतात. आधीच्या काळी गोष्टीतली गाडी फर्लांगभर लांब थांबायची. मग हाताभर. कॉम्प्युटरमध्ये ती आबांच्या नाकाला टेकून थांबली आहे. ड्रायव्हर खाली उतरतो आणि...

लाईट गेली. रोज ह्याच जागी जाते. सुजाता नुसतं "ला.गे." लिहिते. रोज किती वेळा पूर्ण लिहायचं!

ड्रायव्हर उतरून काय म्हणाला ते मला माहीत नाही. घरात ही गोष्ट चालायची तेव्हा तिथपर्यंत आले की मी चुलीपुढे उठून जायचे. सुजाता म्हणते, "मी तरी कुठं ऐकली, आत्याबाई? मी पोळ्या लाटत असायचे." मिलिंद माईक चालू करून शिफ्टला जायचा. कॉम्प्युटरात आहे म्हटल्यावर कोण कशाला ऐकतंय?

दि. १२ मार्च, रविवार

कॉम्प्युटर पालीसारखा चुकचुकायला लागलाय. टिक, टिक, मग गप्प. मिलिंदने डब्याला कान लावला आणि त्याचं तोंड उतरलं.

"आये, हार्डडिस्क चाललीय."

"कुठं?"

"वर."

आबांचं सगळं बोलणं त्या डिस्कमध्येच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. आबा खाटेवरून ऐकत होते. त्यांना सगळं समजतं, हीच मोठी पंचाईत आहे.

दि. १५ मार्च, बुधवार

मिलिंदच्या लाईनवर बिहारचा एक मुलगा आहे, त्याने तोड सांगितली. बाहेरची हार्डडिस्क म्हणून वस्तू मिळते. तयार घेऊ नका, घरीच बनवा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी नुसती रिकामी डबी मिळते, तिच्यात सुटी डिस्क बसवायची, वायर लावायची, आणि कॉम्प्युटरातलं सगळं तिच्यात उतरवून घ्यायचं. उद्या कॉम्प्युटर मेला तरी डबी जिवंत.

मी विचारलं, "बनवता येईल तुला?"

म्हणाला, "त्यात काय! चार स्क्रू तर हायेत."

ह्याच्या बापानेही लग्नाच्या आधी माझ्या बापाला असंच सांगितलं होतं, त्यात काय.

दि. १९ मार्च, रविवार

डबी आली. साबणाच्या दोन वड्या जोडून ठेवाव्यात एवढी. आत बसवायची डिस्क लोखंडी आणि जड. मिलिंदने गोधडीवर सगळं मांडलं. स्क्रू हरवू नयेत म्हणून आबांच्या चांगल्या हातात दिले. आबा मुठीत धरून बसले, पगाराच्या दिवशी बसायचे तसे.

जोडलं, वायर लावली. दिवा लागला. पण कॉम्प्युटर म्हणतो, मला काही दिसत नाही. मिलिंदने बिहारच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "जंपर मास्टर पे लगाओ, भैया." आमच्या वेळी जंपर म्हणजे पोलकं. ह्यांच्यात जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं काळं टोपण, ते डिस्कच्या मागच्या काट्यांवर जागा बदलून बसवायचं.

मिलिंदने ते चिमट्याने उपटलं आणि उडालं.

गोधडी झटकली, खाट सरकवली. सुजाताने केर काढला आणि केर चाळणीने चाळला. मिलिंद सुजातावर ओरडला, सुजाता माझ्यावर धुमसली, मी दोघांना बोलले. आबांचं मागे "आं... आं..." चाललं होतं. मी म्हटलं, "थांबा वो, हितं काय चाललंय अन् तुमचं काय!"

दुपार गेली. जेवायला बसवलं तरी आबा मूठ उघडेनात. सुजाताने बोटं सोडवली, तर चार स्क्रू आणि काळं टोपण. त्यांच्या मांडीवरच पडलं होतं. सगळा वेळ मूठ पुढे करून दाखवत होते.

तोंड गेलेल्या माणसाची मूठसुद्धा कोणी बघत नाही. एवढं लिही आणि आज पुरे.

दि. २० मार्च, सोमवार

जंपर बसला. डबी कॉम्प्युटरला दिसली. आवाज उतरवायला लावला. निम्म्यात ला.गे.

दि. २१ मार्च, मंगळवार

पुन्हा लावला. ला.गे. मिलिंद डोकं धरून बसला. मी म्हटलं, "तुझ्या बापाचं बोलणं एवढं, डबीलाबी दम लागत आसंल."

दि. २२ मार्च, बुधवार

उतरलं सगळं. मिलिंदने आधी कॉम्प्युटरचा आवाज बंद केला, मग डबीतला लावला. आबाच बोलले. तोच खोकला, तेच "तर सांगायचं म्हंजी".

आबांनी हात पुढे करून डबीवर तळवा ठेवला. मीही ठेवला. कोमट असते आणि आतून थरथरते. निजलेल्या कोंबडीसारखी.

आज सगळे पोटभर जेवले. कालवण बरं होतं. हेही लिही, नाहीतर म्हणशील सासू नुसती नावं ठेवते.

दि. २६ मार्च, रविवार

मिलिंदने डबी कॉम्प्युटरशेजारीच ठेवलेली. मी म्हटलं, घराला आग लागली तर दोन्ही जातील की रं. माझी आई दोडक्याचं, वालाचं बी राखेत घालून एक गाडगं घरात ठेवायची आणि एक बहिणीच्या गावाला. एका वर्षी घरच्याला भुंगा लागला तेव्हा मावशीकडच्या गाडग्यावर पेरणी झाली.

मिलिंद बघतच राहिला. "आये, कंपनीतबी आसंच करत्यात. बॅकअप दुसऱ्या बिल्डिंगीत."

मग कंपनीला माझ्या आईनेच शिकवलं असेल.

दौंडला लेक रंजना आहे. तिच्या मालकाचं मागच्या आठवड्यात इकडे काम होतं, परवा पुन्हा आहे. त्याच्याकडे डबी द्यायची ठरली. कापडात गुंडाळली. रंजनाला फोनवर बजावलं, "पोरांचा हात लागंल आसं ठेवू नको. गव्हाच्या कोठीत ठेव, गव्हात पार पुरून." "व्हय आई, समजलं." रंजना शहाणी. सांगितलेलं एक अक्षर खाली पडू देत नाही.

दि. ९ एप्रिल, रविवार

कॉम्प्युटर मेला. सकाळी लावला तर टिक टिक टिक, मग काळ्या काचेवर पांढरी अक्षरं. मिलिंदने वाचली आणि म्हणाला, गेली.

आणि आम्ही हसलो! घरात एवढी वस्तू मेली आणि आम्ही तिघं हसत होतो. डबी दौंडात आहे, गव्हात, गार. रंजना गुरुवारी जयंतीला येणारच आहे, घेऊन येईल.

संध्याकाळी आबा सवयीने काळ्या काचेसमोर जाऊन बसले. मी सांगितलं, "गुरुवारपातुर कळ काढा. तुम्ही दौंडला गेलाय."

दि. ११ एप्रिल, मंगळवार

आबांचा शब्द नाही. "पानी"सुद्धा नाही. तांब्याकडे बोट करतात.

दि. १३ एप्रिल, गुरुवार

रंजना आली. पोरं, पिशव्या, कुरडयांचा डबा. आधी डबी काढून मिलिंदच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ आई, कशी ठेवलीय. गहू वाळवायला काढला तवा हिलाबी पत्र्यावर चांगलं कडक ऊन दाखवलं. पुन्हा लिंबाचा पाला घातला आन् मग कोठीत."

मिलिंदने डबी उलटीपालटी करून बघितली.

"काय झालं?" रंजना म्हणाली. "कोठीतनं काढलेलं ऊन दाखवल्याबिगर परत कोठीत घालायचं न्हाई, तूच सांगितलंय की."

मीच सांगितलंय. एप्रिलचा पत्रा. त्यावर पापड भाजतो.

मिलिंदने सुजाताच्या अंगणवाडीशेजारच्या शाळेतून मागून आणलेल्या कॉम्प्युटरला डबी लावली. दिवा लागला. आतून कट्, कट्, कट्. मग काही नाही. पुन्हा लावली. कट्, कट्. आबा हात पुढे करून बसले होते, डबीवर ठेवायला. ठेवला आणि काढून घेतला.

रंजना मोरीत जाऊन रडली. मी मागे गेले. म्हटलं, "रडू नको गं, किडं तरी न्हाई लागलं." ती हसली आणि जास्तच रडली. ऊन लागलं म्हणावं, तर मिलिंद म्हणतो डिस्क जुनीच मिळाली होती. शिवाय जावयाच्या गाडीवर दौंडच्या रस्त्याचे धक्के खात गेलेली. कशाने गेली ते कोण सांगणार? दाताच्या डॉक्टरला विचारल्यासारखं आहे, प्रत्येक जण दुसराच दात दाखवतो.

दि. १४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. वस्तीत निळे झेंडे, डेक, मुलांची धावपळ. दरवर्षी वंदना झाली की आबा बोलायचे. कोणी विचारलं नाही तरी बोलायचे. माईक काढून घ्यायला दोन माणसं लागायची.

ह्या वर्षी त्यांना पुढे खुर्चीवर बसवलं, नवी पांढरी टोपी घातली. मंडळाच्या मुलाने मानाने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. त्याला काय माहीत. सगळी वस्ती थांबली. माईकमधून नुसता श्वास आला, सगळ्या वस्तीवर. मग मिलिंदने पुढे होऊन माईक बाजूला केला.

खीर चांगली झाली होती. आबांनी खाल्ली नाही.

दि. १६ एप्रिल, रविवार

बिहारच्या मुलाचा फोन. "एक बार फ्रीज में रख के देखो." सुजाताने डबी पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. आधी उन्हाळा दाखवला, आता हिवाळा. पावसाळा तेवढा राहिलाय. मी म्हटलं तर मिलिंद चिडला. मग तोही हसला. हसण्याशिवाय आमच्या हातात काय आहे?

दि. १७ एप्रिल, सोमवार

बर्फातून काढून लगेच लावली. फिरली! खरंच फिरली. मिलिंद घाईघाईने उतरवायला लागला, कपाळावर घाम. एक तुकडा उतरला, दुसऱ्याला कट् कट् झालं आणि बंद. पुन्हा बर्फात ठेवली, पुन्हा लावली. नाही.

तो एक तुकडा लावला. आबांचा आवाज:

"झालं का रं चालू? ... हां. तर ड्रायव्हर खाली उतरला... अगं ए, च्या ठेव गं. ... गेली का? ही गेल्याबिगर पुढचं सांगायचं न्हाई बघ मला."

मग मिलिंदचा हसण्याचा आवाज. आणि संपलं.

मी आबांकडे बघितलं. आबा खिडकीकडे बघत होते. म्हणजे मला उठवायचे. आणि मी एवढी वर्षं समजत होते, माणसाला चहाची तल्लफ येते.

मिलिंदला विचारलं, "मग पुढं काय सांगितलं रं त्यांनी?"

"आये, मला कंपनीची गाडी गाठायची व्हती. तू च्या ठेवायला गेलीस आन् मी बाहेर पडलो."

दि. २० एप्रिल, गुरुवार

मिलिंद पहिल्या शिफ्टनंतर डबी घेऊन पुण्याला गेला. दुकानदार म्हणाला, आमच्याच्याने उघडायची नाही, मुंबईला पाठवावी लागेल. तिथे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात. निघेल का? निघेलही, नाहीही. फोन करतो म्हणाला.

धूळ नसलेली खोली! आणि आम्ही ती गोधडीवर बनवली, गव्हात ठेवली.

आबांचा शब्द नाही.

दि. २३ एप्रिल, रविवार

आबांना तो एकच तुकडा लावला. पूर्ण व्हायच्या आत त्यांनी हातानेच "बंद" खूण केली. पुन्हा लावायचा नाही असं मी मिलिंदला सांगितलं.

आता ऐकवायचं काय? सुजाताने पेपर वाचून दाखवला. भिंतीकडे तोंड. रेडिओ लावला. भिंत. दुकानदाराचा फोन नाही.

दि. २६ एप्रिल, बुधवार

दुपारी पालेभाजी निवडत होते. हे खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मला सुचेना काय बोलावं, तर रुळाची गोष्ट काढली. मला कुठे नीट येते! म्हटलं, "तर उन्हाळ्याचं दिस व्हतं..."

पाठ हलली.

"...तुम्ही आपलं सायकलवरनं चालला व्हता..."

मान वळली.

"...आन् समोरनं गाडी आली, तवा तुम्ही हिरवा दिवा दाखवला."

"न्हाई!"

केवढ्याने! भाजी माझ्या हातून सांडली. सुजाता अंगणवाडीतून नुकतीच आलेली, ती चपलेसकट आत धावली. मी म्हटलं, "न्हाई कसं? हिरवाच व्हता. मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

"ला..." तोंड वाकडं झालं, लाळ आली, डोळ्यांत पाणी. "ला-ल."

सुजाता, दोन शब्द लिही. मोठ्या अक्षरात.

दि. २८ एप्रिल, शुक्रवार

आज गोष्टीत त्यांना चार वेळा पळवून लावलं, दोनदा झाडावर चढवलं आणि गाडीच्या इंजिनाला बैल जोडले. "न्हाई" तीनदा. "धु" एकदा, म्हणजे धुकं. एकदा काठी फेकून मारली. नेम चुकला, पण हात खांद्याच्या वर गेला. डॉक्टरांना सांगायचं.

मिलिंद म्हणतो, "आये, आसं खोटंनाटं सांगशील आन् खरी गोष्टच इसरून जाईल."

मी म्हटलं, "त्यांनी तरी खरी कवा सांगितली? गाडी नाकाला टेकली म्हणं!"

पण रात्री मनात येतं. खरी होती ती एका डबीत आहे आणि एका डोक्यात. दोन्ही उघडत नाहीत.

दि. ३० एप्रिल, रविवार

दुकानदाराचा फोन आला. मुंबईहून निरोप आहे, उघडलीय, बघतायत. एवढंच. मिलिंदने दोनदा विचारलं, "बघतायत म्हंजी?" बघतायत म्हणजे बघतायत.

सकाळी सगळे घरी. मी खाटेशी बसून गोष्ट काढली. आज चुकवली नाही. धुकं धुक्याच्या जागी, कंदील, चीर, फटाके, लाल दिवा. गाडीसुद्धा नाकाला टेकवली, म्हटलं, जाऊ दे, तेवढं त्यांचं राहू दे. ते ओठ हलवत माझ्या मागोमाग येत होते.

"आन् ड्रायव्हर खाली उतरला," मी म्हणाले.

इथून पुढे मला येत नाही. मी थांबले. मिलिंद दारात, सुजाता वही घेऊन. मला वाटलं, मी बसलेय म्हणून आबा पुढचं सांगत नसतील. सवय आहे त्यांची. म्हटलं, "बरं, च्या ठेवते," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

तर पदर ओढला गेला. चांगल्या हाताची मूठ, जिच्यात स्क्रू धरले होते.

बसले परत.

तोंड उघडलंय. ओठ जुळतात, सुटतात. कपाळावरची शीर फुगलीय. सुजाता विचारतेय, आत्याबाई, काय लिहू? काही लिहू नको, थांब. ला.गे. वाटतं, पंखा हळू झालाय. जाऊ दे. पदर त्यांच्या मुठीत आहे आणि मी बसलेय.